‘ओला’ म्हणण्यापूर्वी

स्पॅनिश बोलणारी माणसं भेटली की ‘ओला’ म्हणतात. लिहिताना आधी एक एच असतो, पण तो घरजावयासारखा, नुसता उभा, बोलत नाही. पाथर्डी तालुक्यातल्या माणसाला हा शब्द पचायला वेळ लागतो, कारण आमच्याकडे ओला हा दुष्काळाचा एक प्रकार, आणि तोही पाहुण्यासारखा येणारा; कोरडा घरचाच. म्हणून तिसगावातून परदेशी स्पॅनिश शिकायला निघणाऱ्याचं पहिलं ध्येय हे: कुणी ‘ओला’ म्हटलं की आभाळाकडे बघायचं नाही.

आता पुढची ध्येयं. ती तुम्हाला शोधावी लागत नाहीत. नगरकडे जाणाऱ्या एसटीची वाट बघत स्टँडवर अर्धा तास उभं राहा, सगळी आयती मिळतात. मामा म्हणतील, तिकडंच चिकटून जा. आजी म्हणेल, वशाटाला शिवू नको. चुलते विचारतील, तिकडं एकरी भाव काय? हे सगळं वहीत उतरवून घ्या आणि रात्री दुसऱ्यांची ध्येयं खोडून टाका. बहुधा खाली एकच ओळ उरते: फोटो काढणे. लाजू नका. सुरुवात बरी आहे.

‘स्पॅनिश अस्खलित बोलेन’ हे मात्र ध्येय नव्हे, तो नवस झाला. नवस बोलायला मढी जवळ आहे. कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचाही बाजार भरतो, तेवढीच सोबत. ध्येय म्हणजे भाजीवालीला भाव विचारणे आणि तिने झरझर सांगितलेला आकडा पहिल्या फटक्यात कळणे. सरकारमान्य पायऱ्या हव्या असतील तर ‘देले’ नावाची परीक्षा आहे, ए-वन ते सी-टू अशा सहा पायऱ्यांची. निघण्यापूर्वी पहिली चढलात तरी गावात पेढे वाटायला हरकत नाही.

व्याकरणाला भिऊ नका. तू आणि तुम्ही तिकडेही आहे. लिंगं दोनच, नपुंसकाची कटकट नाही. टेबल बाई, पुस्तक बाप्या, एवढं मान्य करायचं. शब्दही ओळखीचे निघतात. ‘पगार’ आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. स्पॅनिशमध्येही तो आहे, पण तिथे त्याचा अर्थ पैसे देणे. म्हणजे इकडे पगार होतो आणि तिकडे तो आपण करायचा. हा फरक पहिल्या महिन्याच्या खोलीभाड्याला नीट समजतो.

आजीचं ध्येय खोडलं असेल तर परत लिहा, कारण ते सर्वांत अवघड आहे. स्पेनमध्ये ‘तोर्तिया’ मागितली तर अंड्यात थापलेला बटाटा येतो. मेक्सिकोत तोच शब्द उच्चारला की मक्याची भाकरी येते. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, दळून केलेली. तेव्हा आजीचा शब्द पाळायचा असेल तर मेक्सिको निवडावा, हा माझा सल्ला. चुना ऐकून आजोबाही खूश होतील.

मेक्सिकोवरून वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे आठवले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते घरातून निघाले ते देश स्वतंत्र करायचा म्हणून. अमेरिकेत शेती शिकले, गदर पक्षाच्या उठावात पडले, पहिल्या महायुद्धात इराणात लढले, आणि 1924 मध्ये मेक्सिकोला पोचले. तिथे चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवलं, मक्या-गव्हाच्या वाणांवर काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिवेराने त्यांना भित्तिचित्रात भाकरी वाटताना रंगवलं. वर्ध्याहून निघताना त्यांच्या डोक्यात मका असेल असं मला वाटत नाही.

म्हणून ध्येयं पेन्सिलीने लिहावीत. व्हिसाच्या अर्जावर मात्र शाईने, आणि ‘फोटो काढणे’ हे तिथे लिहू नये.

वही भरली की बॅग भरा. बाजरीचं पीठ चार किलो पुरे. चुना नेऊ नका, तिकडे मिळतो.