वाढत्या अंगाचं दुःख

'द क्युअर' या इंग्लिश बँडने सोळा वर्षांनी नवं गाणं काढलं आणि त्यात गायक पहिली तीन मिनिटं तोंडच उघडत नाही. २६ सप्टेंबर २०२४ ला आलेलं 'अलोन' जवळजवळ सात मिनिटांचं आहे. ड्रम संथपणे पडत राहतात, सायमन गॅलपचा बेस खालून सरकत असतो, वर कीबोर्डचं आभाळ दाटत जातं, आणि रॉबर्ट स्मिथचा पत्ता नाही. याच माणसाचं १९७९ मधलं 'बॉइज डोन्ट क्राय' पुरती तीन मिनिटंही चालत नाही. म्हणजे विशीतला स्मिथ रडून, डोळे पुसून घरीसुद्धा पोचला असता, तेवढ्या वेळात पासष्टीतल्या स्मिथने अजून घसाही खाकरलेला नसतो. गाणी अंगठ्याने पुढे ढकलत ऐकण्याच्या दिवसांत याला उद्धटपणा म्हणावं की भाबडेपणा, माझं अजून ठरलेलं नाही. बरं, गाणं नवं म्हणायचं तेही जरा जपूनच. २०२२ च्या ऑक्टोबरात लॅटव्हियातल्या रिगा शहरात बँडने याच गाण्याने मैफल सुरू केली होती. घाई या मंडळींच्या स्वभावातच नाही.

आपल्याकडे शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवत. बाह्या बोटांपर्यंत, खांदे कोपरांकडे निघालेले. पोर त्यात कुठेतरी आत असे. स्मिथने आपलं दुःख असंच वाढत्या अंगाचं शिवून घेतलं होतं. तिशी जवळ आली तेव्हा हा गृहस्थ इतका धास्तावला की त्या धास्तीतून १९८९ चा 'डिसइंटिग्रेशन' हा अख्खा अल्बम उभा राहिला. तिशीचं एवढं! विस्कटलेले केस, ओठांबाहेर गेलेली लिपस्टिक आणि तोंडी जीर्ण होण्याची भाषा: कुणालाही वाटावं, अरे, जरा थांब की, वेळ येईल. ती आली. मधल्या वर्षांत आई गेली, वडील गेले, थोरला भाऊ गेला. 'अलोन'मध्ये ते दुःख आता खांद्यावर नीट बसलं आहे, कुठे चुणी नाही. वाढायचा राहिला तो फक्त आवाज. तो अजून तसाच पोरसवदा आहे, आणि त्यामुळेच गाणं ऐकवत नाही आणि बंदही करवत नाही.

गाण्याचा धागा स्मिथला अर्नेस्ट डाउसन या इंग्रज कवीच्या 'ड्रेग्ज' या कवितेत सापडला. सगळं सरल्यानंतर पेल्याच्या तळाशी जे उरतं, त्याची ती कविता. डाउसन १९०० साली वयाच्या ३२ व्या वर्षी गेला. त्यानेही सैलच शिवलं होतं. त्याला ते अंगाला येईपर्यंत थांबता आलं नाही. ते काम दुसऱ्या कुणी पुरं करायला सव्वाशे वर्षं जावी लागली.

सर्वनाशाची गाणी गाणारा हा माणूस व्यवहारात मात्र विलक्षण चिकट आशावादी आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कार्यक्रमांच्या तिकिटांवर वरचे आकार भरमसाट लावले गेले, तेव्हा तो तिकीट कंपनीशी जाहीरपणे भांडला आणि चाहत्यांना पाच-दहा डॉलर परत मिळवून दिले. जग बुडायचं तेव्हा बुडेल. वरचे पैसे आज परत करा.

'अलोन'चे शब्द मला वाद्यांच्या मानाने साधे वाटले. वाद्यांनी आधीच इतकं सांगून ठेवलेलं असतं की स्मिथ येतो तो जवळपास दुजोरा द्यायला. तरीही गाणं मोठं आहे. १ नोव्हेंबरला आलेला 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' हा त्याचा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. असं १९९२ च्या 'विश'नंतर प्रथमच घडलं. त्यातलं सर्वांत सरस गाणं मात्र 'अलोन' नव्हे, शेवटचं 'एंडसाँग'. ते दहा मिनिटांचं आहे, आणि त्यात स्मिथ गायला लागतो सहा मिनिटं उलटून गेल्यावर.