पुढे रस्ता खराब आहे का?

हिमालयन ४५० या मोटरसायकलच्या सीटची उंची ८२५ मिलिमीटर आहे. हा आकडा कागदावर अगदी निरुपद्रवी दिसतो. गाडीशेजारी उभं राहिलं की तो कमरेला भिडतो. वजन १९६ किलो. म्हणजे माझ्यासारखी अडीच-पावणेतीन माणसं एका साइड स्टँडवर कलून उभी आहेत आणि त्यांना सरळ करायचं काम पाच फूट चार इंचांच्या, पन्नाशी ओलांडलेल्या गृहस्थाकडे आलेलं आहे.

लग्नात घोड्यावर चढणाऱ्या नवरदेवाला निदान चार हात टेकू द्यायला असतात. मला भाच्याने नुसता सल्ला दिला. गाडी त्याची, कोरी करकरीत, हँडलवरचा हार अजून पुरता सुकला नव्हता.

"मामा, दोन्ही पाय टेकवायला जाऊ नका. एकच टेकवा."

"कुठला?"

"डावा. उजवा ब्रेकवर."

उंच गाडीची निम्मी विद्या एवढ्यात आली. सिग्नलला बूड जरा डावीकडे सरकवायचं आणि एक पाय पक्का रोवायचा. दोन्ही चवड्यांवर तोल सांभाळत उभा राहणारा माणूस रुबाबदार दिसतो, पण शेजारच्या रिक्षाने नुसता हॉर्न दिला तरी कलंडतो.

आमची पिढी बुलेटच्या ठोक्यांवर वाढली. त्यामुळे जुनी हिमालयन २०१६ साली आली तेव्हा ती आपलीशी वाटली होती. ४११ सीसी, साडेचोवीस हॉर्सपॉवर, पाच गिअर, कसली घाई नाही. २०२३ च्या शेवटी आलेल्या या नवीत मात्र ४५२ सीसीचं इंजिन आहे, सहा गिअर आहेत, चाळीस हॉर्सपॉवर आहे आणि पुढे चक्क रेडिएटर आहे. रॉयल एनफिल्डच्या गाडीला पाण्याने थंड करायची वेळ यावी, हे पचायला मला जरा वेळ लागला. बुलेटवाल्याचा पाय आवाज किंचित चढला की आपोआप वरचा गिअर टाकतो. इथे तसं करायचं नाही. हिचा पुरा जोर साडेपाच हजार फेऱ्यांवर आहे, आणि खरी ताकद आठ हजारांवर. आवाज चढू द्यायचा, मनाची समजूत घालायची आणि थोडं थांबायचं. मग ती जी सुटते, ती कात्रज कधी मागे पडलं हे कळू देत नाही.

पण सातारा रस्त्यावर पळणं काय, कुठलीही गाडी पळते. कापूरहोळ फाट्याला भोरकडे वळलो आणि नीरा देवघर धरणाच्या कडेने वरंध घाटाची वाट धरली, तेव्हा एकाएकी डांबर संपलं. खडी, माती, अर्धवट उकरलेली बाजू, "काम चालू आहे" असा आडवा झालेला बोर्ड. एरवी अशा जागी माझ्या तोंडून सार्वजनिक बांधकाम खात्याच्या तीन पिढ्यांचा उद्धार होतो. भाच्याने बजावल्याप्रमाणे मी फूटरेस्टवर उभा राहिलो, गुडघे जरा वाकवले, त्यांनीच टाकी दोन्ही बाजूंनी धरली.

आणि काहीच झालं नाही. म्हणजे खाली पुष्कळ काही होत होतं, पण ते वर येत नव्हतं. दोन्ही चाकांना वीस-वीस सेंटीमीटर वरखाली व्हायची मुभा आहे. पुढचं चाक एकवीस इंची. चाक जितकं मोठं, तितका खड्ड्याचा काठ त्याला ठेंगणा. लहान चाक खड्ड्यात पडतं, हे त्याच्यावरून चालत जातं. आपण उभे असलो की वजन पायांतून खाली उतरतं, गाडी आपल्याखाली नाचते आणि आपलं डोकं मात्र सह्याद्री बघत शांत तरंगत राहतं. मागचं एबीएस बंद करायचीही सोय आहे, सैल खडीत जाणत्या माणसाला ती लागते. मी त्या सोयीकडे आदराने पाहिलं आणि पुढे गेलो.

घोटाळा झाला तो इथून पुढे. मला खराब रस्ता आवडू लागला. आयुष्यभर खड्डे चुकवण्यात तरबेज झालेला हात आता मुद्दाम त्यांच्याकडे वळायला लागला. मधे सलग गुळगुळीत काँक्रीट लागलं, तर फसवणूक झाल्यासारखं वाटलं. समोरच्या गोल पडद्यावर नकाशा दिसतो, वळणं दिसतात, पण पुढे कुठे छान उकरून ठेवलंय ते दिसत नाही. एवढ्या शोधांच्या जमान्यात ही उणीवच म्हणायची. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे, त्याबद्दलचं माझं मत गेली कित्येक वर्षं कडवट होतं. ते त्या दिवशी बरंच निवळलं. हिमालयाचं नाव दिलंय खरं, पण लडाखला जायला सुट्ट्या लागतात. रायगड जिल्हा जवळ आहे.

वाघजाईच्या देवळापाशी भज्यांसाठी थांबलो. एकच पाय टेकवून, आता सराईतासारखा.

"पुढे रस्ता कसाय?" मी भजीवाल्याला विचारलं.

"एक नंबर. आत्ताच नवा केलाय खालपर्यंत."

"अरेरे," मी म्हणालो. "मग जुना, खराबवाला कुठून जातो?"

त्याने झारा कढईवर तसाच धरला, गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आवाज उतरवून विचारलं, "साहेब, तुम्ही बांधकाम खात्यातले का?"