अप्रकाशिताचे दफ्तरदार

जी तबकडी कोणत्याही होतकरू श्रोत्यास चार पैसे टाकून घरबसल्या ऐकता येते, तिच्याविषयी आम्हां संग्राहकांस केवळ कौटुंबिक स्वरूपाची आपुलकी वाटते. परंतु त्याच संगीतकाराच्या पेटीत पडून राहिलेल्या, अपुऱ्या, खरखरणाऱ्या आणि बहुधा खुद्द त्यालाही न आवडलेल्या चिजेचा नुसता उल्लेख कानी पडला, तरी आमची अन्नावरची वासना उडते. आमचे दैवत म्हणजे रिचर्ड डी. जेम्स ऊर्फ एफेक्स ट्विन. कॉर्नवॉलमध्ये वाढलेले हे गृहस्थ इलेक्ट्रॉनिक संगीत निर्माण करतात विपुल आणि बाहेर सोडतात बेताने, त्यामुळे भक्तांत साठेबाजी माजली तर दोष कोणाचा? असंख्य अप्रकाशित चिजा भरलेले ध्वनियंत्र आपण विमानात विसरलो आणि त्या परभारे फुटतील या धास्तीने २००१ मध्ये ‘ड्रक्स’ हा अल्बम काढला, अशी हकीकत त्यांनीच सांगितली आहे. तेव्हापासून आमच्या संप्रदायात त्यांच्या दीर्घायुष्यासोबत त्यांच्या विसरभोळेपणासाठीही प्रार्थना होते.

‘कॉस्टिक विंडो’ या नावाने १९९४ साली निघावयाची त्यांची एक तबकडी चाचणीच्या बोटांवर मोजण्याइतक्या प्रती निघून तेथेच थबकली. त्यांतील एक प्रत २०१४ मध्ये १३,५०० डॉलरांस विक्रीला आली, तेव्हा भक्तांनी संगीतकाराची व कंपनीची रीतसर संमती मिळवून वर्गणी काढली, आणि दारोदार तगादा न लावता ४ हजारांहून अधिक लोकांकडून ६७ हजार डॉलरांवर रक्कम जमा झाली. हे वाचून आमच्या गल्लीतील गणेशोत्सव मंडळाच्या खजिनदारांनी दीर्घ निःश्वास सोडला. वर्गणीदारांस संगीताची डिजिटल प्रत मिळाली. मूळ तबकडी मग लिलावात निघाली आणि माइनक्राफ्ट या खेळाचे जनक मार्कुस पर्सन यांनी ती ४६,३०० डॉलरांस घेतली. संगीत हजारो घरी पोहोचल्यावर उरलेल्या प्लास्टिकास हा भाव यावा, हे ज्यास विपरीत वाटते त्याने संग्राहक होण्याच्या फंदात पडू नये.

पुढे २०१५ साली खरा अनर्थ ओढवला. साउंडक्लाउडवर, केवळ आपली जन्मतारीख जोडलेल्या एका निनावी खात्यावरून, या महापुरुषाने आपल्या जुन्या पेटाऱ्यातील दोनशेंहून अधिक चिजा सर्वांस फुकट वाटून टाकल्या! मी ज्या एका अस्पष्ट ध्वनिफितीसाठी परदेशस्थ संग्राहकाशी आर्जवाचा पत्रव्यवहार केला होता, मोबदल्यात दोन दुर्मिळ रिप, म्हणजे तबकड्यांवरून उतरविलेल्या डिजिटल नकला, दिले होते आणि ‘हे तिसऱ्या कानी जाऊ देणार नाही’ अशी शपथही वाहिली होती, तीच चीज आता शेजारचा शाळकरी मुलगा स्वच्छ ध्वनीत ऐकत गृहपाठ करू लागला. आम्ही एकमेकांचे अभिनंदन केले खरे, परंतु त्यात सुतकाची कळा होती. ज्यांची दफ्तरे मोठी, त्यांचे चेहरे अधिक लांब. माझ्या सौभाग्यवतींनी मात्र, ‘बरे झाले, आता संगणकात जागा होईल,’ असा अरसिक शेरा मारला.

आमच्यातील एका ज्येष्ठाने अखेर सर्वांस धीर दिला. त्यांचे म्हणणे असे की, ज्या चिजा मनुष्य इतक्या सहज वाटतो, त्या त्याने कधी लपविल्याच नव्हत्या. लपविलेल्या त्या निराळ्याच. हा युक्तिवाद इतका निर्दोष होता की, त्याच रात्री मी न वाटलेल्या चिजांची एक स्वतंत्र खतावणी उघडली, आणि तीत जमेच्या बाजूस अद्याप काही नसले तरी येणे बाकी उत्तम आहे.