वरच्या मजल्याच्या मालकांस, सप्रेम नमस्कार

श्रीयुत मालक,
(फ्लॅट : आमच्या बरोब्बर डोक्यावरचा)


आपली अजून प्रत्यक्ष भेट झालेली नाही. आपण जुन्या घरी राहता आणि फरशी इथे फुटते, त्यामुळे भेटीचा योग येत नाही. ओळख मात्र गेले 23 दिवस रोज सकाळी 10 वाजता नव्याने होते. आधी ब्रेकर, मग टाइल कटर, मग भिंतीतलं ड्रिल. एवढ्या नेमाने आठवण ठेवणारा शेजारी ठाण्यासारख्या शहरात मिळणं हे आमचं भाग्यच.

आम्ही दीड महिन्यापूर्वी नाशिकहून इथे आलो. आमची मुलगी चिऊ तेव्हा 10 महिन्यांची होती. साधारण याच वयात बाळाला कळायला लागतं, की दिसेनाशी झालेली आई कुठेतरी असतेच. म्हणून तर ती खोलीबाहेर गेली की ते रडतं, रात्री जागं झालं की आधी तिला चाचपतं. अशा वेळी घरच बदललं, तर त्याच्या हाताला लागणारं ओळखीचं सगळंच सुटतं. पंख्याची कुरकुर वेगळी, खिडकीतला उजेड वेगळ्या बाजूने, भिंतीवरची सावली वेगळी. पहिल्या आठवड्यात चिऊ रात्री 6-6 वेळा उठायची आणि डोळे विस्फारून छताकडे बघत राहायची.

घर बदललं तरी बाकी काहीही बदलायचं नाही, असं आम्ही ठरवलं. संध्याकाळी 7 ला आंघोळ, मग दूध, मग दिवा मंद, मग आजीची तीच अंगाई. अंगाई नाशिकहून फोनवर, कारण आजी तिकडेच राहिली. अंथरायला तीच पातळ गोधडी, घट्ट खोचलेली. उशी नाही, तोंडाजवळ दुलई नाही. सकाळी उठल्याबरोबर तिला गॅलरीतल्या उन्हात न्यायचं, म्हणजे दिवस कुठला आणि रात्र कुठली हे शरीराला कळतं. तीन आठवडे एकही दिवस चुकवला नाही. 22 व्या रात्री चिऊ 8 ला झोपली ती थेट पहाटे 5 ला उठली. मी आनंदाने रडले.

23 व्या दिवशी आपला ब्रेकर आला. आमचं सुख फार काळ उघड्यावर पडू दिलं नाहीत, आभारी आहे.

आपल्यामुळे माझं विज्ञानही पक्कं झालं. मी खिडक्या बंद केल्या, पडदे ओढले, दाराच्या फटीत टॉवेल कोंबला. आवाज तेवढाच. तेव्हा समजलं, की हवेतून येणारा आवाज खिडकी अडवू शकते, पण स्लॅबवर घातलेला घाव काँक्रीटमधूनच प्रवास करतो आणि खालच्या घराच्या भिंतीच बोलायला लागतात. पाळण्याची कडी ज्या हुकाला आहे तो हुक आपल्याच फरशीच्या पोटात आहे. कडीला हात लावला तर हाताला मुंग्या येतात. चिऊ त्या कडीखाली झोपते.

बाळाच्या झोपेचा एक फेरा साधारण 50 ते 60 मिनिटांचा असतो, मोठ्या माणसाचा 90 च्या आसपास. प्रत्येक फेरा संपताना बाळ अर्धवट जागं होतं, आजूबाजू ओळखीची आणि शांत वाटली तर पुन्हा बुडी मारतं. आपलं ड्रिल नेमकं याच पुलावर तिला गाठतं. मग ती दचकते, दोन्ही हात हवेत जातात, ओठ थरथरतात आणि रडू फुटतं. उचलून घेतलं तरी उरलेली झोप परत येत नाही. संध्याकाळपर्यंत ती इतकी थकते, की थकव्यानेच तिला झोप लागत नाही. रात्रीचं जागरण दुपारीच ठरून गेलेलं असतं.

दुपारची झोप म्हणजे आईला मिळालेली सुट्टी, असा आपला समज असल्याचं सोसायटीच्या सचिवांकडून कळलं. त्याबद्दलही धन्यवाद, कारण उत्तर देण्याची संधी मिळाली. 4 ते 11 महिन्यांच्या बाळाला दिवसरात्र मिळून 12 ते 16 तास झोप हवी, असं जागतिक आरोग्य संघटना 2019 पासून सांगते आहे, आणि त्यात दुपारच्या डुलक्या धरलेल्या आहेत. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 6 आणि 12 महिन्यांच्या बाळांना हातमोज्याच्या बाहुलीबरोबर काही कृती करून दाखवल्या होत्या. त्यानंतर 4 तासांच्या आत किमान अर्धा तास सलग झोपलेल्या बाळांना त्या आठवल्या, न झोपलेल्यांना नाही. म्हणजे सकाळी चिऊ जे शिकते, ते दुपारी तिच्यात मुरतं. टाळ्या वाजवायला ती याच महिन्यात शिकते आहे.

आपण पाठवलेल्या सल्ल्याबद्दल विशेष ऋणी आहे : "मोबाइलवर पावसाचा आवाज मोठ्याने लावा, बाळ झोपेल." बाळांसाठी विकल्या जाणाऱ्या अशा आवाजाच्या यंत्रांची 2014 मध्ये तपासणी झाली. पूर्ण आवाजात ठेवली तर 30 सेंटिमीटरवर सगळी यंत्रं 50 डेसिबलच्या वर गेली, आणि रुग्णालयातल्या नवजात बाळांच्या कक्षासाठी सुचवलेली मर्यादा तेव्हा तेवढीच होती. ब्रेकर बुडवायला किती मोठा पाऊस लावू, तेवढं कळवावं. एका आवाजापासून वाचवायला मी तिच्या कानाशी दुसरा ठेवणार नाही.

सोसायटीच्या फळ्यावर लिहिलं आहे : दुपारी 2 ते 4 आवाजाची कामे बंद. गृहप्रवेशाचा मुहूर्त जवळ आल्यामुळे आपल्याला त्यातून सूट मिळाली, अभिनंदन. ध्वनिप्रदूषणाचे 2000 चे नियम आमच्याकडेही आहेत. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, आणि आवाज करणारी बांधकामाची यंत्रं रात्री 10 ते सकाळी 6 बंद. रात्रीचा नियम आपण काटेकोर पाळता. पण 11 महिन्यांच्या बाळाची रात्र दुपारीही थोडीशी येऊन जाते, हे नियम लिहिणाऱ्यांच्या ध्यानात राहिलं नाही. फळ्यावर ते लिहिणाऱ्या आमच्या सोसायटीतल्या कुणा आजीआजोबांच्या मात्र राहिलं होतं.

गेल्या मंगळवारी मी चिऊला कडेवर घेऊन वर आले होते. आपल्या मुकादमांनी मशीन लगेच बंद करायला लावलं. "ताई, किती वाजता झोपते ती?" असं विचारलं आणि भिंतीवर पेन्सिलीने 2 ते 4 लिहून ठेवलं. त्या दिवशी ती पावणेदोन तास झोपली. दुसऱ्या दिवशी आपला फोन आला आणि पेन्सिलीचं लिहिणं तिथेच राहिलं.

वर आले तेव्हा आणखी एक गोष्ट पाहिली, आणि हे पत्र खरं तर तिच्यासाठी आहे. आपल्या होणाऱ्या देवघराच्या कोपऱ्यात साडीची झोळी बांधलेली होती. त्यात वर्षाचं एक पोर झोपलं होतं. त्याची आई घमेल्यात राडारोडा भरून खाली नेत होती आणि चार पावलांवर ब्रेकर ठेवलेला होता. मी सचिवांकडे हे बोलले, तेव्हा आपला निरोप आला : "मजुरांची मुलं झोपतातच की, यांच्याच मुलीचं काय एवढं?"

मालक, कानाला अशी सवय होत नसते. 85 डेसिबलच्या आवाजात मोठ्या कामगारानेही दिवसाला 8 तासांहून जास्त राहू नये असं मानलं जातं, आणि ब्रेकर जवळून त्याच्या बराच वर जातो. ते पोर सवय झाली म्हणून झोपत नाही. ते दमून पडतं. दर काही महिन्यांनी त्याचं घर बदलतं, गाव बदलतं, झोळी बांधायचा खांब बदलतो. चिऊचं एक घर बदललं तर मी तीन आठवडे तिच्या उशाशी बसले. त्याच्या आईला बसायला कोण देतं?

म्हणून आता आभार पुरे करते आणि दोनच गोष्टी मागते. आवाजाची कामं 2 ते 4 बंद ठेवा, त्या वेळात रंगाचं, पुट्टीचं, सुतारकामाच्या मोजमापाचं काम होऊ शकतं, मुकादमांनीच मला तसं सांगितलं. आणि ब्रेकर चालेल तेव्हा ती झोळी आमच्याकडे आणू द्या. आमच्या आतल्या खोलीत दुसरा हुक आहे. मी त्या बाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "शेठ रागावतील." आपण रागावणार नाही, एवढं मुकादमांना आज फोन करून सांगा.