एका युनिटचं राजकारण

दापोलीकडच्या आमच्या गावात पाऊस यायच्या आधी लाईट जाते. त्यात ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, खांब आडवे झाले आणि कित्येक वाड्यांवर दिवे परत यायला आठवडे लागले. तेव्हापासून घरात काही बंदोबस्त हवा असं मी म्हणत होतो आणि आई "कंदील आहेत की," म्हणत होती. शेवटी मी डबा आणला.

डबा म्हणजे पोर्टेबल पॉवर स्टेशन. आत लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी, वर धरायला कडी, पुढे वॅट दाखवणारा पडदा. इन्व्हर्टरच्या बॅटरीसारखं डिस्टिल्ड वॉटर घालत बसायला नको. क्षमता हजार वॅट-तास, म्हणजे बरोबर एक युनिट.

"अहो, बिलात जे युनिट दहाएक रुपयांना पडतं, ते ठेवायला साठ हजारांचा डबा?" ही म्हणाली. हिशेब चोख होता, म्हणून मी सोलर पॅनेल उलगडायला खळ्यात गेलो.

पॅनेल २०० वॅटचं. पण ते २०० वॅट मोजतात पॅनेलचं तापमान २५ अंश धरून, आणि मे महिन्यात आमच्या खळ्यात त्याच्यावर पापड भाजून निघेल. तापलं की उत्पन्न घटतं. वर माडाच्या झावळीची सावली कोपऱ्यावर पडली तरी आकडा धाडकन खाली येतो, कारण आतले सेल एकामागे एक जोडलेले. एक रुसला की शेजाऱ्यांनाही अडवतो. अगदी भावकी! मग मी पॅनेल उचलून उन्हामागे फिरतो. पावसाळ्यात तेवढेही कष्ट नाहीत. लाईट जाते त्याच दिवसांत सूर्यही गेलेला असतो आणि भर दुपारी पडद्यावर अठरा वॅट उमटतात.

खरी गंमत त्या पडद्याने केली. पूर्वी लाईट गेली की सगळे सारखेच अंधारात. आता कोण किती खातं ते दिसतं. आईने नारळाचं वाटप करायला मिक्सर लावला, पडद्यावर सहाशे वॅट झळकले आणि मुलगा ओरडला, "आजी, बंद कर!" मी लगेच ऊर्जामंत्र्याच्या आवाजात खुलासा केला की मिक्सर दोन मिनिटांत वीसच वॅट-तास घेतो, तुझा पंचाहत्तर वॅटचा पंखा मात्र रात्रभरात अर्ध्याहून जास्त डबा रिकामा करतो. मुलाने पंख्याकडे आणि मग आजीकडे पाहिलं. आजीने वाटप पुन्हा एकदा फिरवलं.

"विहिरीवरचा पंप चालतो का याच्यावर?" तिने विचारलं.

पंप चालत नाही. सुरू होताना तो नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढतो. डबा एकदा पीं करतो आणि संप पुकारतो.

"मग रहाट आहेच," आई म्हणाली. तिचा चेहरा पाहण्यासारखा होता.

शेजारच्या काकांच्या छपरावर तर तीन किलोवॅटचं सोलर आहे. २०२४ च्या सूर्यघर योजनेत त्यांना ७८,००० रुपये अनुदान मिळालं, हे गावातल्या गुरांनाही पाठ आहे. पण बॅटरी नसलेलं ते ऑनग्रिड सोलर लाईनवरची वीज गेली की आपणहून बंद पडतं. नाहीतर छपरावरची वीज उलटी तारांत शिरेल आणि खांबावर चढलेल्या वायरमनला झटका बसेल. तेव्हा लख्ख उन्हातसुद्धा काका अंधारात, आणि मोबाईल घेऊन आमच्या पडवीत.

परवा काका आले तेव्हा डब्यात बारा टक्के उरले होते. रांगेत माझा लॅपटॉप, हिचा फोन, मुलाचा टॅब. मी अग्रक्रम ठरवत होतो, तेवढ्यात आईने माझी वायर उपटली आणि काकांचा फोन लावला.

"अगं, माझं काम अर्ध्यावर आहे!"

"असू दे," आई म्हणाली, "वायरमनचा नंबर त्यांच्याच फोनात आहे."