वाक्यात उपयोग करा

‘सुट्टीत मी फार कंटाळवाणा झालो,’ असं कुणी आपण होऊन सांगितलं की मी लगेच मान डोलावतो. घरच्यांनी महिनाभर काय सोसलं असेल ते डोळ्यांपुढे येतं. त्याला बिचाऱ्याला एवढंच म्हणायचं असतं की मी कंटाळलो. तोंडून निघतो तो कबुलीजबाब, आणि पुष्कळदा तोच जास्त खरा असतो.

कंटाळलेला तो, ज्याला कंटाळा आला. कंटाळवाणा तो, ज्याच्यापायी आला. एक फिर्यादी, दुसरा आरोपी. ‘वाणा’ लागलेले बहुतेक शब्द असेच नामानिराळे राहून दुसऱ्याचा जीव नकोसा करतात. किळस आपल्याला येते, किळसवाणं असतं ते समोरचं ताट. लाज घरच्यांना वाटते, लाजिरवाणे असतात चिरंजीवांचे उद्योग, आणि चिरंजीव स्वतः मजेत असतात. दीनवाणा तेवढा खरोखरच दीन असतो. पण प्रत्येक घराण्यात एखादा असा निघतोच.

इतकं सरळ असूनही गल्लत होते, आणि ती माईकवर होते. एका स्नेहसंमेलनात सूत्रसंचालक गोड आवाजात म्हणाला, ‘रसिकहो, आपण सगळे आता कंटाळवाणे झाला असाल, तेव्हा मी प्रमुख पाहुण्यांना विनंती करतो...’ पाहुण्यांच्या हातात प्लास्टिकचा फोल्डर होता. त्यातले कागद दोन्ही बाजूंनी लिहिलेले होते, आणि समासातही बाण काढून मजकूर घुसवलेला होता. तो फोल्डर समोर दिसत असताना या गृहस्थानं आरोप श्रोत्यांवर ठेवला! पहिल्या रांगेनं टाळ्याही वाजवल्या. पहिली रांग त्यासाठीच असते.

शाळेत हे शिकवत नाहीत असं नाही. ‘कंटाळवाणा, वाक्यात उपयोग करा,’ असं विचारलं की गाईडमधलं उत्तर तयार असतं : आजचे भाषण कंटाळवाणे होते. पूर्ण गुण. ‘आमच्या वर्गातला शेवटचा तास कंटाळवाणा असतो’ असं लिहिणारा विद्यार्थी मला अजून भेटायचा आहे, आणि पुरावा तर त्याच्याकडे रोजचा असतो. व्याकरण पक्कं आहे. गुण कोण देणार हेही त्याला पक्कं ठाऊक आहे.

कंटाळवाणा निदान वाकतो तरी. नवरा कंटाळवाणा, बायको कंटाळवाणी, लग्न कंटाळवाणं. लिंगवचनाप्रमाणे मुकाट बदलतो. रटाळ बदलत नाही. रटाळ भाषण, रटाळ मालिका, रटाळ लेख, रटाळ बैठकीत, रटाळ बैठकांमुळे. कितीही विभक्त्या लावा, हा आपला जागचा हलत नाही. नावाला जागणारं विशेषण मराठीत याहून दुसरं दाखवा. मात्र तो कुठेही चिकटवू नये. रटाळ व्हायला वेळ लागतो. जे लांबतं तेच रटाळ. सोफा रटाळ नसतो. सोफ्यावर बसून ‘आमच्या वेळी’ने सुरू होणारे काका असू शकतात.

हा शब्द जिथे सर्वात जास्त लागायला हवा तिथून तो हद्दपार आहे. पुस्तक परीक्षणात तुम्ही ‘रटाळ’ शेवटचा कधी वाचलात? तिथे कादंबरी ‘संथ लयीत उलगडते’, ‘वाचकाकडून संयमाची अपेक्षा करते’, आणि अगदीच हातपाय गळाले की ‘चिंतनशील’ होते. चिंतन वाचक करतो, पुस्तकाची किंमत पाहून. परीक्षणकर्त्याचं स्वतःचं पुस्तक पुढच्या महिन्यात यायचं असतं, त्यामुळे त्याची अडचण आपण समजून घेऊ.

स्वयंपाकघरात असली भीड नाही. तिखट-मसाला कमी पडला तर आमटी सपक, मीठ राहिलं तर अळणी, आणि सगळं घालूनही जीव नसला तर मिळमिळीत. ही वाटणी इतकी चोख आहे की आमटीला कुणी ‘बोअर’ म्हणत नाही. म्हटलं तर दुसऱ्या दिवशी स्वतः करावी लागते. राजकारणानं त्यातला मिळमिळीत तेवढा उचलला आणि पक्षाच्या भूमिकेला बहाल केला. बरंच केलं, तिथे मसाल्याची कमतरता नसूनही तो शोभतो.

लेखी मराठीतला मान मात्र ‘नीरस’ला, आणि तो लिहिला जातो ‘निरस’. निर् अधिक रस. संधीत र् गळतो आणि आधीचा इकार दीर्घ होतो, नीरवमध्ये होतो तसाच. ऱ्हस्व ठेवलात तर गवळी हसेल, कारण निरसं म्हणजे न तापवलेलं दूध. ‘माझे जीवन निरस आहे’ असं कुणी कळवलं तर ते तापवून घ्या, एवढाच सल्ला देता येतो. फुसक्या विनोदाला ‘पाचट’ लिहिणारेही आहेत. पाचट उसाचं असतं, शेतात कुजवलं तर त्याचं खत होतं. पाणचट विनोदाचं तेवढंही होत नाही.

आता ही सगळी वर्गवारी मोडीत निघाली आहे, कारण ‘बोअर’ आला. पिक्चर बोअर आहे. मी बोअर झालोय. तो बोअर करतो. जाम बोअर मारतंय. फिर्यादी तोच, आरोपी तोच, गुन्हाही तोच. सोय मोठी आहे, नाकारत नाही. कोण कुणामुळे कंटाळलं हे सांगायची जबाबदारीच उरत नाही. संसारात तर हे फार कामाला येतं.

फक्त लातूरकडे जाताना जपून. तिथे कुणी ‘बोअर मारली’ म्हणालं तर हसू नका, तो विंधन विहिरीबद्दल बोलतोय आणि बहुधा कर्जाबद्दलही. त्या बोअरला निदान नियम आहेत. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यानं ६० मीटरच्या खाली गेलेल्या विहिरीला खोल विहीर ठरवून तिच्यावर निर्बंध घातले आहेत. ते किती पाळले जातात तो भाग वेगळा. व्यासपीठावरच्या बोअरला तसला कायदाही नाही. माईक चालू आहे तोवर खोदकाम चालू. आणि पाणी? ते टेबलावरच्या बाटलीत, तेही फक्त वक्त्यापुढे.