बाटलीला परवाना, बाजाला पहारा

वऱ्हाडातल्या वरातीत आजही ‘अलबेला’ची गाणी वाजतात. वाशीम जिल्ह्यातल्या केनवडमधल्या नवरदेवाच्या आजोबांनाही ती पाठ असतील. सिनेमा १९५१चा, संगीत सी. रामचंद्रांचं. आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे हे रामचंद्र चितळकर. पण त्या गाण्यांमधल्या ट्रम्पेटचा वारसा मुंबईच्या हॉटेलांचा होता. अँटोनियो झेवियर वाझ नावाचा, गोव्यातल्या आल्डोन्याचा वादक रात्री ताजमध्ये बँड घेऊन उभा राहायचा आणि दिवसा स्टुडिओत चितळकरांसोबत बसायचा. लोक त्याला चिक चॉकलेट म्हणत. ‘अलबेला’तल्या एका गाण्यात तो साथीदारांसह पडद्यावरही दिसतो.

म्हणून मुंबईतली एखादी जुनी गाण्याची जागा बंद पडली की त्याचं केनवडला काय, असं कुणी विचारू नये. वरातीत वाजणारा तो ठेका त्याच जागांमधून आला आहे.

ताज १९०३ साली उघडलं. १९३५ मध्ये लिऑन अॅबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक तिथे जॅझचा बँड घेऊन आला. पाठोपाठ पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आला. गोव्याची पोरं त्यांचं वाजवणं ऐकून तयार झाली. चर्चच्या शाळेत नोटेशन वाचायला ती आधीच शिकलेली होती. पुढे हिंदी सिनेमाचं पार्श्वसंगीत उभं राहिलं ते याच कौशल्यावर. संगीतकार पेटीवर चाल म्हणून दाखवायचा. कोपऱ्यात बसलेला अरेंजर पाच रेघांच्या कागदावर भराभर सुरांची मांडणी करायचा, व्हायोलिनला काय, ट्रम्पेटला काय, चेलोला काय. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस ही नावं श्रेयनामावलीत क्वचितच आली. यातल्या अनेकांचं घर रात्रीच्या हॉटेलातल्या बिदागीवर चालायचं. ती बिदागी होती म्हणून ते मुंबईत टिकले.

मग १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला. मोरारजी देसाईंनी तो कडक राबवला आणि हॉटेलांच्या बँडचा कणाच मोडला. गिऱ्हाइकाच्या ग्लासातूनच वादकाचा पगार निघत होता, हे कुणी लक्षातच घेतलं नाही. साठच्या दशकात बंधनं सैल झाली तसा चर्चगेटचा रस्ता पुन्हा जागा झाला. अॅस्टोरिया हॉटेलातल्या व्हेनिसमध्ये ख्रिस पेरींचा बँड आणि लोर्ना कोर्देरोंचा आवाज ऐकायला लोक गर्दी करत. कोकणी गाण्याला या जोडीने जे दिलं, ते कुठल्याही अकादमीला जमलेलं नाही. ती गर्दीही पुढे ओसरली. तबकड्या वाजवणारा एक माणूस आठ वादकांपेक्षा स्वस्त पडतो.

गिरणगावात तर दोन वेगळ्या जगांचं एकच झालं. लालबागला मधुकर नेराळेंचं हनुमान थिएटर होतं. पाळी सुटलेला कामगार तिकीट काढून तिथे तमाशा बघायला यायचा. १९८२च्या जानेवारीत संप सुरू झाला, गिरण्या बसल्या, कामगार गावाकडे पांगला. हनुमानमधली ढोलकीही पुढे थांबली. संपानंतर पंचवीस वर्षांनी, २००७ मध्ये, तिथून जवळच लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात ब्लू फ्रॉग हे गाण्याचं ठिकाण उघडलं. संस्थापकांत आशू फाटक आणि ध्रुव घाणेकर हे दोन संगीतकार होते. खाणंपिणं होतं, पण आवाजाची सगळी रचना मंचासाठी केलेली होती. स्वतःची गाणी वाजवणाऱ्या शेकडो पोरांना तिथे पहिला खरा श्रोता मिळाला. २०१६ मध्ये तेही बंद. एकीकडे फेट्यातला कामगार, दुसरीकडे लॅपटॉपवाला. पण गाण्याला जागा देणाऱ्या माणसाला या शहराने दोन्ही वेळा एकटं सोडलं.

आणि सरकार? २००५ साली राज्याने डान्स बार बंद केले, पण तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट दिली. मोठ्या हॉटेलात कला आणि छोट्या बारमध्ये अनाचार, असा त्याचा सरळ अर्थ. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हा भेदभाव मान्य केला नाही, ते योग्यच झालं. पण त्यामागची नजर बदललेली नाही. दारूचा परवाना उत्पादन शुल्क खात्याकडून, वादकांचा परवाना पोलिसांकडून, गाण्यांच्या हक्कांचे पैसे आणखी तिसरीकडे. रिसोड-मालेगाव रस्त्यावरच्या परमिट रूमच्या मालकाने भिंतीवर टीव्ही लावला तर त्याला कुणी हटकत नाही. तालुक्यातल्या चार वादकांना संध्याकाळी बसवायचं म्हटलं तर मात्र पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. मग तो टीव्हीच लावतो. त्याला दोष कशाला द्यायचा?

‘दारूच्या जागी गाणं हवंच कशाला?’ हा प्रश्न मला ठाऊक आहे, आणि दारूने संसार उद्ध्वस्त झालेल्या बायांनी तो विचारला तर मान खाली घालून ऐकून घ्यावा. पण परमिट रूम चालूच आहे. दारू कमी होत नाही. कमी होतो तो फक्त वादक. गाणं असलं तर माणूस निदान मंचाकडे तोंड करून बसेल.

इंग्लंडने यावर साधा तोडगा काढला. २०१२च्या लाइव्ह म्युझिक कायद्याने छोट्या पबमधल्या गाण्याला सकाळी आठ ते रात्री अकरा वेगळा परवाना लागेनासा केला. श्रोत्यांची मर्यादा आधी दोनशे होती, २०१५ मध्ये ती पाचशेवर नेली. २०१८ मध्ये नियोजनाच्या धोरणातही तत्त्व आलं: जुन्या गाण्याच्या जागेशेजारी नवी इमारत बांधायची असेल, तर आवाज अडवायची व्यवस्था बिल्डरने करायची. मागाहून आलेल्याच्या तक्रारीवर जुना मंच बंद पाडायचा नाही. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या १०० क्लबमध्ये १९४२ पासून, म्हणजे बॉम्ब पडत होते त्या काळापासून, वाजवणं सुरू आहे.

हे दोन नियम महाराष्ट्रानेही उचलावेत, आपल्या मापाने. बंद खोली, शंभर-दोनशे माणसं, रात्री दहाची वेळ, आणि पोलिसांच्या परवान्याऐवजी एक साधी नोंद. सवलत मुंबईला द्याल तीच वाशीम जिल्ह्यालाही द्या. लग्नसराई नसते तेव्हा आमच्या भागातला क्लॅरिनेटवाला सोयाबीनच्या सोंगणीला जातो. आठवड्याला दोन संध्याकाळी त्याला वाजवायचे पैसे मिळाले, तर त्याचा रियाज बारा महिने सुरू राहील.